डोलकाठीचा संशयी टेकू

मित्रांनो, मी एक जुना टेकू आहे, बाभळीचा, आणि स्वभावाने पक्का संशयी. माझ्याकडे कोणी गोड हसून पाहिले की मला वाटते, याच्या घरी चुलीला लाकूड कमी पडले असणार. तुम्हीही जरा दुरूनच ऐका.

माझा जन्म देवळीचा. एका मोडक्या बैलगाडीच्या दांडीतून रूपराव मिस्त्रींनी मला घडवले. त्यांचे सारे आयुष्य गाड्या बनवण्यात गेलेले. एक दिवस पिपरी मेघे गावची मयुरी त्यांच्याकडे आली. ती कॉलेजात शिकवते आणि सुटीच्या दिवशी धरणावर शिडाची होडी चालवते. होडी ट्रेलरवरून न्यायची, तर शिडाची उंच डोलकाठी उतरवून होडीवर आडवी ठेवावी लागते. तिचे मागचे टोक अधांतरी राहू नये म्हणून मयुरीला टेकू हवा होता. तयार टेकू इकडे कुठे मिळणार?

रूपरावांनी माझे खालचे टोक होडीच्या सुकाणूच्या कड्यांत बसेल असे तासले. वरच्या टोकाला खोबण कोरली. "आता काठी इथून कुठं जात नाई," ते म्हणाले. मला त्यांच्या इतक्या खात्रीचाही संशय आला, पण कौतुक गोडही लागले.

होडी ओढायला मयुरीचा शेजारी धर्मेंद्र आपली जीप आणत असे. डोलकाठी माझ्याशी दोराने बांधायचाही तोच. पहिल्याच फेरीत गतिरोधकावर धक्का बसला आणि डोलकाठी वीतभर पुढे सरकली. दुसऱ्या फेरीत दोन वीत. मी लगेच धर्मेंद्रवर डोळा ठेवला. गाठ मारताना हा शीळ का घालतो? याचे लक्ष आहे तरी कुठे? तिसऱ्या फेरीत काठी सरकत जाऊन जीपच्या मागच्या दारावर आपटली. ॲल्युमिनियमची ती, थोडक्यात वाकायची वाचली. रविवारी धरणावर शर्यतीच्या संघाची निवड होती आणि मयुरीकडे दुसरी डोलकाठी नव्हती. ही वाकली असती तर सगळेच संपले असते.

मयुरी भडकली. "धर्मेंद्रभाऊ, गाठ ढिली काऊन मारता तुम्ही? यायचं मनात नसन तं तसं सांगा!"

"मी ढिली बांधून राह्यलो, असं वाटते तुले?" तो म्हणाला. "मंग रविवारी दुसरी गाडी पाहून घेजो."

ट्रेलर तिच्या फाटकात सोडून तो निघून गेला. मला तर आनंदच झाला. चोर सापडला, असे मला वाटले.

आता गाठीवर भरवसा नको म्हणून शनिवारी मयुरी खोबण आणखी खोल करून घ्यायला मला देवळीला घेऊन गेली. रूपरावांनी खोबणीतून बोट फिरवले, बोटाकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे वंगण तं मीच लावलं वो बाई," ते म्हणाले. "गाडीच्या चाकाच्या कण्याले लावतो तसं. लाकडात गोल काही बसलं का हात आपोआप डब्यात जाते. इथं तं सरकालेच नको होतं."

मित्रांनो, वंगण माझ्याच तोंडात होते! इतके दिवस तो गुळगुळीतपणा मला जाणवत होता आणि मी त्याला माझी सफाई समजत होतो.

रूपरावांनी राखेने खोबण घासली आणि आत जुन्या ट्यूबचा तुकडा ठोकला. मयुरी परतली ती घरी न जाता थेट धर्मेंद्रच्या दारात. "भाऊ, चूक गाठीची नव्हती. मी उगाच तुम्हाले बोलली. माफ करा."

त्याने मला तिच्या हातातून घेतले आणि खोबणीतले रबर अंगठ्याने दाबून पाहिले. "सकाळी सहाले तयार राहजो," तो म्हणाला.

रविवारी त्याने मारलेली गाठ मी नीट पाहिली. ती पहिल्या दिवसासारखीच घट्ट होती. डोलकाठी धरणापर्यंत तसूभरही हलली नाही, आणि संध्याकाळी मयुरीचे नाव संघात लागले. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. धर्मेंद्रनेही थोपटली. तेव्हा मला फार लाज वाटली.

मला उन्हापावसात टाकू नका, एवढेच मी सांगणार होतो. पण लाकडाआधी माणसे जपा, मित्रांनो. मयुरीला माफी मागता आली. मी लाकूड आहे. धर्मेंद्र दर रविवारी मला हात लावतो आणि मला त्याला काहीच म्हणता येत नाही. तुम्हाला येते.