ब्रदर लॅव्हर्नचा जांभळा दिवा

टोर्विक गावातल्या चर्चच्या तळघरात त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलांवर घरोघरून भाजून आणलेल्या हॉटडिशची पातेली निवत होती, पण जेवायचं भान कुणाला? समोर गावोगाव फिरणारा उपदेशक ब्रदर लॅव्हर्न उभा! दारात येणाऱ्या प्रत्येकाचा हात त्याने दोन्ही हातांत घेऊन प्रेमाने चोळला होता. आता दिवे मालवले. जांभळ्या दिव्याच्या खोक्यात तळवे धरायचे, की ते हिरवेगार चमकलेच!

"बघा, हे रोगाचं बीज!" लॅव्हर्न गरजला. "साबण कातडी धुतो, पाप नाही धुत!"

मग जॉर्डनच्या पवित्र तेलाचे दोन थेंब, रुमालाने एकदा पुसणं, तळवे पुन्हा खोक्यात. चमक गायब! बायका मुसमुसल्या, कुप्या हातोहात खपल्या.

शाळेची नर्स आर्डिस जिन्यावर उभी राहून दातओठ खात होती. गावात ओकाऱ्या-जुलाबांची साथ होती, आणि वृद्धाश्रमातल्या चार नंबरच्या खोलीपर्यंत पोचली होती. सहा नंबरात आर्डिसची आई, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. तिचं हृदय इतकं थकलेलं, की ही साथ तिला झेपायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि आईला भरवणारी मर्लिस रांगेत सगळ्यांच्या पुढे!

"मर्लिस, कामावर जाशील तेव्हा साबणाने हात धू गं बाई."

"घ्या! आता कशाला? स्वतः बघितलंत ना, हात किती लख्ख झाले!" म्हणत मर्लिस कामावर पळालीसुद्धा.

आर्डिसचा तोल सुटला. गाडीतून तिने शाळेचा तसलाच जांभळा दिवा आणि पावडरीची डबी आणली. सगळ्यांसमोर साबणाने हात धुतले, दिव्याखाली धरले. काहीच नाही. मग चिमूटभर पावडर चोळली. हात हिरवेगार!

"हे जंतू नव्हेत, ही पावडर आहे! हात धुवायला शिकवताना तुमच्याच पोरांच्या हाताला मी हीच लावते. हा गृहस्थ दारात तुमच्या हाताला लावतो आणि तेलाने पुसतो. खरे जंतू कुठल्याच दिव्यात दिसत नाहीत. आणि पुसतो तरी काय, नुसते तळवे!"

तिने दिवा फिरवला. नखांत हिरवं, बोटांच्या बेचक्यांत हिरवं, कॉफीच्या किटलीवर, वाढायच्या डावावर, पोरांच्या ओठांवर. म्हातारा ऑर्डेल उठला आणि मुकाट्याने मोरीकडे गेला. आर्डिसला वाटलं, जिंकले.

लॅव्हर्नने डोळे पुसले. "भगिनी, धन्यवाद! किती बीज उरलंय ते तूच दाखवलंस. बंधूंनो, दोन थेंबांनी भागणार नाही. चार घ्या!"

आणि रांग पुन्हा लागली! पालथ्या घड्यावर पाणी. कुणाकुणाला ओरडणार? सगळी आपलीच माणसं. आपलेच दात, आपलेच ओठ. आर्डिसने पुन्हा हात धुतले, दिवा उचलला आणि वृद्धाश्रम गाठला.

आई उशीला टेकून हसत होती. मर्लिसने नुकताच तिला मऊ भात भरवला होता.

"त्याआधी कुठे होतीस?" आर्डिसने मर्लिसला विचारलं.

"चार नंबरात. त्यांना पुन्हा उलटी झाली, ती पुसली. मग थेंब लावले की!"

आर्डिसने पडदे ओढून दिवा लावला. मर्लिसच्या नखांत हिरवं. चमच्यावर हिरवं. आईच्या ओठांवर हिरवं.

मर्लिस तळवे उलटेपालटे करून बघू लागली. "देवाशप्पथ, डोळ्यांना काहीसुद्धा दिसलं नाही हो!"

"नाहीच दिसत. म्हणून तर धुवायचे गं!"

आर्डिसने तिला हाताला धरून मोरीपाशी नेलं. साबण, बेचकी, नखं, वीस आकडे मोजेपर्यंत. इतकं साधं! थेंब नकोत, दिवा नको, कुणाचा आशीर्वाद नको. पण आईच्या पोटात जे गेलं असेल, ते आता कुठल्या साबणाने धुणार? एक दिवस, फार तर दोन, वाट बघायची. दुसरं काही तिच्या हातात नव्हतं.

"एवढी का पाण्यात खेळतेस गं?" आईने विचारलं. "ये, बस जरा माझ्यापाशी."