एकही गुठळी नको

"अजून किती वेळा गाळणार आहेस? चाळणी झिजेल," नवरा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला.

तिने मान वर केली नाही. उकडलेला बटाटा आणि लीकचा, म्हणजे कांद्याच्या जाड पातीसारख्या भाजीचा, पांढरा दांडा मिक्सरमधून काढून ती पळीच्या पाठीने दाबत चाळणीतून उतरवत होती. थोडं सूप बोटावर घेऊन तिने ते जीभ आणि टाळूमध्ये चोळून पाहिलं. एक धागा लागला. लीकचाच, केसाएवढा. तिने सगळं पातेलं पुन्हा चाळणीत ओतलं.

केसाएवढी वस्तू काय करू शकते हे तिने पाहिलं होतं. पक्षाघातानंतर नवऱ्याचे हातपाय हळूहळू पूर्ववत झाले, घसा मात्र झाला नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर लगेचच वाटाण्याचं एक साल त्याच्या घशात अडकलं. तो निळा पडत गेला, डोळे तिच्यावर खिळलेले. छापखान्यात सगळे त्याला 'भोंगा' म्हणायचे, कारण यंत्रं धडधडत असतानाही त्याची हाक वरच्या मजल्यावर पोचायची. त्या माणसाच्या तोंडून हूं की चूं निघेना. शेजारी धावून आला म्हणून निभावलं. तेव्हापासून जेवताना ती त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नसे, गळ्याकडे बघे. घास उतरला की मगच तिचा श्वास सुटे.

गिळण्याचा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं : सगळं गुळगुळीत हवं, पाणीसुद्धा पावडर घालून दाट केलेलं. हनुवटी छातीकडे. घास तोंडात असताना बोलायचं नाही, हसायचं नाही. तिने इमानेइतबारे सगळं वाटून द्यायला सुरुवात केली. एक दिवस त्याने वाटी दूर सारली. "मी काय तान्हं बाळ आहे?" त्यानंतर तो जेमतेम निम्मं जेवू लागला. शाळेत शिवण शिकवणारी ती. त्याचे सदरे दोनदा बाजूंनी आत घेतले. तिसऱ्यांदा तिचे हात धजेनात.

मग शाळेच्या लायब्ररीत तिला फ्रेंच स्वयंपाकाचं एक पुस्तक सापडलं. चाळता चाळता ती मटकन खुर्चीत बसली. गाळलेली सूपं, माशाचे फेटून वाफवलेले लुसलुशीत गोळे, लोण्यात घोटलेला बटाटा, चॉकलेटचा फेस.

"अहो, ऐकलंत का? तिकडे बडे लोक कोट घालून हेच खातात. वर बिलही भरतात!"

कित्येक दिवसांनी तो हसला. "मग लंबूला बोलाव. त्याच्या बायकोलाही. पण एक सांगून ठेवतो, त्याला काही कळता कामा नये. फ्रेंच जेवण म्हणजे फ्रेंच जेवण."

तिने हो म्हटलं खरं, पण त्या क्षणापासून तिचा जीव टांगणीला लागला.

लंबू हा छापखान्यातला त्याचा जोडीदार. अंगाने बुटका, म्हणून लंबू. संध्याकाळी तो बायकोसह आला तो कागदात गुंडाळलेला लांबलचक पाव घेऊनच.

"वहिनी, फ्रेंच म्हणालात ना? भट्टीतून काढल्या काढल्या उचलला. माझ्यापेक्षा उंच आहे बघा!"

कागदाआडून पावाचं कवच कुरकुरलं. ते ऐकताच तिने दोन्ही हात पुढे केले. "अगदी छान केलंत," म्हणत तिने तो आत नेला आणि कपाटावर उंच ठेवून दिला.

सूप निर्विघ्न पार पडलं. नवऱ्याचं दाट पाणी तिने स्टीलच्या पेल्यात ठेवलं होतं, कुणाला दिसू नये म्हणून. माशाचे गोळे आले.

"वहिनी, दात घरी ठेवून आलो असतो तरी चाललं असतं की!" लंबू म्हणाला.

त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. गोळे वाढता वाढता ती कशीबशी हसली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून शांतपणे जेवत होता. दुसऱ्यांदा मागून घेतलं त्याने. क्षणभर तिला वाटलं, निभावलं.

"आठवतं का रे भोंग्या," लंबू रंगात आला होता, "मालकांच्या वाढदिवसाला त्यांचे 'सुविचार' छापायचे होते, आणि आपण छापले 'कुविचार'? वर मोठ्या अक्षरात मालकांचं नाव! आणि मालक म्हणतात कसे, 'हे बाहेर कुणी सांगितलं?'"

नवरा हसला. तोंडात घास होता.

पहिला खोकला आला, दुसरा आला, आणि मग आवाजच थांबला. त्याने टेबलाची कड धरली. ती उठली तशी खुर्ची मागे आडवी झाली. एक हात त्याच्या छातीवर, दुसरा पाठीवर. "वाका. पुढे वाका. मी आहे." तिच्या हाताखाली त्याची पाठ दगडासारखी ताठ होती.

"पाणी! पाणी पाजा आधी!" लंबूने आपला ग्लास पुढे केला.

"पाणी नको!" ती एवढ्या जोरात ओरडली की लंबूच्या हातातला ग्लास टेबलावर सांडला.

तिने तळव्याने खांद्यांच्या मधोमध जोराचा तडाखा दिला, मग आणखी एक. कुठून तरी खोलवरून खरखर आली, मग खोकला, आणि मग लांबलचक, ओला श्वास.

नवऱ्याने डोळे पुसले. मग तो म्हणाला, खोल विहिरीतून यावा तशा आवाजात, "मला गिळता येत नाही, लंबू. साधं पाणीसुद्धा."

लंबूने ताटल्यांकडे पाहिलं. सुपाच्या वाट्या, बटाटा, मासे. "म्हणजे हे फ्रेंच वगैरे..."

"फ्रेंचच आहे," ती फणकाऱ्याने म्हणाली. "पुस्तकात बघून केलंय."

"आणि मी गाढव पाव घेऊन आलो! वहिनी, तो मी परत नेतो."

"आण तो इकडे," नवरा तिला म्हणाला.

"अहो, नको."

"मला खायचा नाहीये. आण म्हणतो ना."

तिने पाव आणून समोर ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही. त्याने तो हळूच सोडवून घेतला, नाकाशी नेला, मग कानाशी धरून दाबला. कवच तडतडलं. मग त्याने पाव तिच्या हातात दिला.

"तू आत दार लावून टोस्ट खातेस. मला ऐकू येतं."

तिची मान खाली गेली. "तुमच्यासमोर कसं खाणार?"

"चोरून कशाला पण? इथे बस. चांगला आवाज करून खा. तुम्हीही घ्या."

लंबूने तुकडा मोडला, त्याच्या बायकोने मोडला. तिनेही एक घास चावला. त्या छोट्या खोलीत बराच वेळ फक्त पावाचा कुरकुर आवाज होता. नवरा डोळे मिटून बसला होता.

"टोकाचा घे," तो डोळे न उघडता म्हणाला. "तो जास्त वाजतो."

तिने पावाचं टोक मोडलं. चुरा उडून त्याच्या ताटलीपाशी गेला. तो तिने आधी तळव्याने एकूण एक गोळा करून घेतला, आणि मगच तुकडा तोंडात घातला.