वेगळा काढायचा गोळा

तिर्झाने पिठाचा चौथा पेड दुसऱ्यावरून घ्यायच्या ऐवजी खालून घातला आणि फ्रूमाबाईंनी तिच्या हातावर चापट मारली.

"अकरा वर्षं झाली या घरात येऊन, अजून सहा पेडांची वेणी घालता येईना!"

"येते हो, आई. आज लक्ष नाही."

"ते दिसतंयच."

तिर्झाने पीठ सोडवलं. नवरा, एल्हानान, जाऊन चार वर्षं झाली होती. तरी दर शुक्रवारी सकाळी ती हैफा शहरातला चढ चढून सासूकडे येई आणि दोघी मिळून शब्बाथचा, म्हणजे यहुद्यांच्या पवित्र शनिवारचा पाव, खल्ला, वळत. आज तिला सांगायचं होतं की ती पुन्हा लग्न करतेय. तीन शुक्रवार ती हे वाक्य घेऊन येत होती आणि तसंच परत नेत होती. तिला स्वतःची आई नव्हती. माहेर म्हणावं असं हे एकच स्वयंपाकघर उरलं होतं, आणि सांगितल्यावर तेही तुटलं तर?

वेण्या ताटात ठेवून झाल्या. वरून अंडं लावायला फ्रूमाबाईंनी ब्रश उचलला आणि त्या थबकल्या.

"अगं बाई! गोळा काढायचाच राहिला."

वळण्याआधी पिठातला एक गोळा देवाच्या नावाने वेगळा काढून जाळायचा. फ्रूमाबाई पन्नास वर्षांत हे कधी विसरल्या नव्हत्या.

"म्हणजे तुमचंही लक्ष नाही."

"तुझ्याकडेच लागलंय ते."

त्यांनी एका वेणीचं टोक तोडलं, सगळे पाव एका पंच्याखाली झाकले आणि डोळे मिटून प्रार्थना म्हटली. मग नेहमीचं मागणं सुरू झालं, प्रत्येकाचं नाव त्याच्या आईच्या नावासकट. तळमजल्यावरची आजारी शेजारीण झाली, सैन्यातला भाचा झाला.

"तिर्झा, रोखेलची मुलगी. तिचा संसार सुखाचा होवो."

त्या थांबल्या. डोळे मिटलेलेच.

"त्याच्या आईचं नाव काय?"

"कुणाच्या?"

"ज्याचा फोन आला की तू जिन्यात पळतेस, त्याच्या. सांग लवकर, पीठ सुकतंय."

तिर्झाने पंच्याचं टोक सरळ केलं.

"हेन्या."

"आणि त्याचं?"

"नफ्ताली."

"नफ्ताली, हेन्याचा मुलगा," फ्रूमाबाई म्हणाल्या, पण आवाज फाटला. एल्हानानच्या दुखण्यात याच ओट्यापाशी त्या 'एल्हानान, फ्रूमाचा मुलगा' म्हणत असत. त्यांनी घसा साफ केला.

"नफ्ताली, हेन्याचा मुलगा. याला तरी खूप आयुष्य दे."