समुद्राला सीमा नसते

आमच्याच गावच्या, पर्यावरणवाल्या प्रणितची होडी राईच्या खाडीत उतरली तेव्हा मासे वर येऊन हसले. मी स्वतः ऐकलं. होडी बॅटरीवरची, अंगावर हातभर अक्षरांत लिहिलेलं, 'समुद्राला सीमा नसते.' प्रणितसाहेबांना संध्याकाळच्या विमानाने परदेशी हवामान परिषदेला जायचं होतं, त्यासाठी फोटो हवा होता.

मी म्हटलं, "पोरा, ओळखीचं कार्ड जवळ ठेव. याच दर्यातून एकदा अतिरेकी आलेत."

"काका, तुमची सीमा-सुरक्षा जुनाट झालीय. आधी तुमच्या होडीचं ते डिझेल बंद करा!"

खाडीच्या तोंडाशी बॅटरीने मान टाकली. ओहोटीने होडी बाहेर ओढली आणि गस्तीवाल्यांनी धरली. होडीला नंबर नाही, माणसाकडे कार्ड नाही, वर ते वाक्य! मी माझी डिझेलची होडी अशी पळवली की ओहोटी मागे पडून धापा टाकत होती.

"काका, सांगा ना यांना, मी हितलाच हाय!" विमान चुकायच्या भीतीने प्रणितला आमची बोलीसुद्धा आली.

"सीमाच न्हाय म्हणतोस, मग हितला न् तिथला कसला रं?"

गस्तीचा साहेब मला म्हणाला, "ओळखता याला?"

"ओळखतो. दुश्मन न्हाय, साहेब. दुश्मन तयारी करून येतो."

साहेबाने हसत सोडलं, पण तोवर विमान गेलं होतं. मी त्याची होडी दोराने बांधून ओढत आणली. वाटेत तो ओल्या फडक्याने ते वाक्य घासत होता. रंग काही निघेना.

मी डिझेलचा डबा पुढे केला. "घे, यानं निघंल."