खराट्याभोवतीचं तेज

दिवेलागण झाली की माझ्या दुकानासमोर रांग लागायची. माझं दुकान विजेच्या सामानाचं, पण रांग बल्बसाठी नसायची, माझ्यासाठी असायची. बाहेर खांबाला एक उघडा बल्ब टांगलेला होता. त्याच्यासमोर एकेक माणूस येऊन उभा राही आणि मी आतून खुर्चीत बसून, डोळे बारीक करून त्याच्या डोक्याकडे बघे.

"आहे!" मी म्हणायचो. "वलय आहे. कडेला तांबूस, आत निळसर."

लगेच गर्दीतून "अहाहा" उठायचं. शेजारची शिवणकाम करणारी बाई तर एकदा तिथेच रडू लागली. तिच्या पाठोपाठ घरमालक आला. माझ्या मेहुण्याने त्याला कोपरापाशी धरून छपराखाली बाजूला उभं केलं. मी पाहिलं. काहीच नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"कृपा सगळ्यांवर नसते!" मेहुणा ओरडला. त्याचा आवाज असा की आमच्याकडे त्याला सगळे भोंगाच म्हणतात. घरमालक मान खाली घालून निघून गेला. त्याने नुकतंच भोंग्याचं भाडं वाढवलेलं होतं. तेव्हा मला त्यात काहीच खटकलं नाही.

आता हसायचं असेल तर हसून घ्या, कारण हा खुर्चीतला बाबा म्हणजे मी, आणि मी तोच माणूस ज्याला सगळे 'पत्रकवाला' म्हणून ओळखतात. शाळा अर्धवट सुटली, पुढचं जे काही शिकलो ते रद्दीतून, आणि त्या जोरावर तीसेक वर्षं बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढली. पाण्याने दिवा पेटवणाऱ्या एका महाराजाच्या वातीखाली लपवलेला, पाणी लागताच पेटता वायू सोडणारा कार्बाइडचा खडा मी भर सभेत नुसत्या वासावरून ओळखला होता. एवढं तिखट माझं नाक! पण नाकाच्या वर दोन बोटांवर असलेल्या स्वतःच्या डोळ्यांत काय चाललंय, ते मला कळलं नाही.

सुरुवात अशी झाली. प्रत्येक दिव्याभोवती मला रंगीत कडं दिसू लागलं. मी धंदेवाईक माणूस. बल्ब खराब आले म्हणून अख्खा खोका कंपनीला परत पाठवला, वर शिव्यांचं पत्र. कंपनीने कळवलं, बल्ब उत्तम आहेत. मग एका संध्याकाळी भोंगा दिव्यासमोर उभा असताना त्याच्या टकलाभोवतीही तेच कडं दिसलं. मी तक्रार म्हणून सांगितलं, त्याने ती वार्ता म्हणून गावभर केली.

त्यात माझा चेहरा पाटीच्या दगडासारखा निळसर करडा पडत चालला होता. जेवणही जाईना.

"दाजींनी अन्न सोडलं! नुसत्या प्रकाशावर जगतात!" भोंगा रांगेला सांगे.

"अरे, मळमळतंय मला!"

"ऐकलंत? जगाची मळमळ स्वतःच्या पोटात घेतात!"

यावर मी त्याला दुकानाबाहेर काढायला हवं होतं. नाही काढलं. खरं सांगतो, बरं वाटत होतं. तीस वर्षं पत्रकं वाटली, लोकांनी त्यांत चपला गुंडाळल्या. आता मी नुसतं "आहे" म्हटलं तरी माणसं गहिवरत होती. देवबिव मानत नाही म्हणून मी मनाशी एक शास्त्रीय पुडीही बांधून ठेवली होती. माणसाच्या शरीरातून सूक्ष्म विद्युतलहरी निघतात, आणि माझा तर धंदाच विजेचा, तेव्हा मला त्या दिसणारच! दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी त्याची सालं काढली असती.

एकटी बायको भुलली नाही. "अहो, तुमच्या पट्ट्याला आज मी आणखी एक भोक पाडलं. माणूस वाळून चाललाय, हा चमत्कार कुणाला दिसत नाही का?"

"तुला त्यातलं कळत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. आली ती खराटा घेऊन. भरल्या रांगेतून वाट काढत खांबापाशी गेली आणि बल्बसमोर खराटा उभा धरला. "बघा. ह्याला आहे का वलय?"

मी बघितलं. पुन्हा बघितलं. खोटं बोलायची सवय नव्हती, हीच अडचण.

"आहे," मी म्हणालो. "कडेला तांबूस."

"आणि आता?" ती खराटा घेऊन छपराखाली गेली.

"नाही."

मागून कुणीतरी खिदळलं. मी भोंग्याकडे वळलो. "तू त्या घरमालकाला मुद्दाम छपराखाली उभं केलंस?"

"म्हणजे काय?" तो खरोखरच गोंधळला. "दाजी, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे!"

तोंडात मारल्यासारखं झालं. बल्ब विकून केस पिकवले, आणि उजेड बल्बचा आहे हे मला एका खराट्याने शिकवावं.

दुसऱ्या दिवशी बायकोने मला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन बसवलं. त्यांनी माझी हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यात उजेडाची फट सोडली आणि विचारलं, "हृदयाच्या ठोक्यांसाठी गोळी घेता?"

मी चमकलो. "तुम्हाला कसं कळलं? तुम्हालाही दिसतं की काय काही?"

"दिसतं ना. बुबुळावर भोवऱ्यासारख्या रेघा उमटल्यात. अमिओडॅरोन का?"

तीच. ठोके बेताल व्हायचे म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वी सुरू झालेली. बाई शांतपणे बोलत गेल्या. या औषधाचे कण बुबुळाच्या पडद्यावर साचतात, त्यातून दिव्याचा उजेड फुटतो आणि कडं दिसतं. कातडीत साचतं, उन्हात वावरणाऱ्याचा चेहरा निळा पडतो. "डोळ्याची मला फारशी चिंता नाही," त्या म्हणाल्या. "ते लिव्हरमध्येही साचतं. रक्त कधी तपासलंत?"

मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघू लागलो. बायकोने उत्तर दिलं. "कधीच नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, दर सहा महिन्यांनी तपासा म्हणून. हे म्हणाले, ही लॅबवाल्यांची बुवाबाजी आहे. त्यावर पत्रकही काढलंय."

काढलं होतं. मथळा मीच दिला होता: 'रक्तपिपासूंपासून सावधान'. डॉक्टरांकडे जाणं मी सोडलं आणि जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणत राहिलो. कारण एकच, बरं वाटत होतं ना!

रक्त तपासलं. लिव्हरला पार सूज होती, काही भाग कडक होऊ लागला होता. ती मळमळ जगाची नव्हती, माझीच होती. मी तावातावाने म्हणालो, "आजपासून गोळी बंद!" हृदयाचे डॉक्टर माझ्याहून जोरात ओरडले. "पुन्हा स्वतःच्या मनाने? याच गोळीने तुमचं हृदय इतकी वर्षं चालवलंय. ती बदलायची, पण मी सांगेन तशी. शिवाय बंद केली तरी कित्येक महिने अंगात राहते."

"आणि लिव्हर?"

"सूज उतरेल. जे कडक झालंय त्याची खात्री देत नाही. अजून एखादं वर्ष बाबागिरी केली असतीत, तर आपण हे बोलायलाही बसलो नसतो."

त्या संध्याकाळी रांग होतीच. मी स्वतः जाऊन बल्बसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. डोळा, कातडी, लिव्हर, पत्रक, खराटा. सांगताना घाम फुटला. आयुष्यभर दुसऱ्यांची टोपी उडवणाऱ्याची स्वतःची टोपी हातात आली की ती फार जड लागते.

"बाबा आपली परीक्षा बघतात," शिवणकाम करणारी बाई म्हणाली.

"परीक्षा झाली, बाई. मी नापास."

काही हसले, काही चिडून गेले. घरमालक तेवढा खुशीत होता. रांग पांगली, पण एक बसचालक खांबापाशी रेंगाळत राहिला. नाक आणि कान निळसर. त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढून माझ्यापुढे धरली.

"हीच का हो?"

तीच होती.

"रक्त कधी तपासलंत?"

"कशाला?" तो म्हणाला. "बरं वाटतंय ना."

माझंच वाक्य, शब्दन् शब्द. मी दुकानाचं शटर ओढलं आणि त्याला तसाच हाताला धरून दवाखान्याकडे घेऊन गेलो. वाटेत प्रत्येक दिव्याला कडं होतं. अजून काही महिने राहील म्हणतात. असू दे.

तुम्हाला एवढंच सांगतो. वर्षानुवर्षं एखादी गोळी घेत असाल तर ती मनाने सोडू नका, आणि डोळे मिटून गिळूही नका. डॉक्टरला तोंड उघडून विचारा: ही अंगात कुठे कुठे जाते, आणि ते कधी तपासायचं? बुवाला प्रश्न विचारायचे नसतात म्हणून तर तो बुवा. औषधाला विचारता येतात. मी विचारले नाहीत, म्हणून औषधाचा बुवा मीच केला, आणि मग माझाही बुवा झाला.