चाळीस नंबरचं कार्ड

शाळेत मुलं मला ‘समजलंका बाई’ म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण मला ऐकू येतं. सव्वीस वर्षं फळ्याकडे तोंड करून उभं राहिलं की पाठीमागचंच जास्त ऐकू येतं. नाव पडायचं कारण साधं आहे. धडा संपला की मी डस्टर टेबलावर आपटते आणि विचारते, “समजलं का?” वर्ग एका सुरात म्हणतो, “होऽऽ बाई!” तो होकार ऐकला की माझा जीव भांड्यात पडतो. सव्वीस वर्षांत एकदाही कुणी ‘नाही’ म्हटलेलं नाही. म्हणजे मी किती छान शिकवत असेन याचा तुम्हीच विचार करा. मी तर रोज करायचे.

तर झालं काय, आमच्या मुख्याध्यापकांना, म्हणजे मोठ्या सरांना, तंत्रज्ञानाचा झटका आला. शाळेला नवा टॅब मिळाला होता, आणि तो नीट वापरला जातोय का हे बघायला वरच्या ऑफिसातले साहेब येणार होते. सरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “बाई, तुमची विज्ञानाची खोली संगणकाला द्यावी म्हणतोय.”

खरं सांगू? त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटला. ती कोपऱ्यातली खोली! दोन बाजूंना खिडक्या, ओट्यावर नळ, आणि कपाटातली प्रत्येक काचेची नळी मी माझ्या हाताने धुतलेली. संगणकाचा वर्ग मुतारीला लागून आहे, मान्य. तिथल्या सरांना नाक धरून शिकवावं लागतं, तेही मान्य. पण म्हणून माझ्या खोलीवर डोळा?

“आणि मी कुठे जाऊ?”

“जिन्याखाली जागा आहे.”

“तिथे झाडू ठेवतात, सर.”

“झाडू हलवू.”

मी अशी काही हुज्जत घातली की शिपाई दारात येऊन उभा राहिला. शेवटी ठरलं: साहेबांसमोर मी टॅब वापरून धडा घ्यायचा. वर्गाची नव्वद टक्के उत्तरं बरोबर आली तर खोली माझी. नाहीतर जिना, झाडू आणि मी.

मला टॅब शिकवायला आले कोण, तर संगणकवाले सरच! हा माझाच जुना विद्यार्थी. दुसऱ्या बाकावर बसायचा आणि ‘हो बाई’ सगळ्यांत मोठ्यांदा म्हणायचा. चारचौघांत मी त्याला सर म्हणते, एरवी अरे-तुरे.

“सोपं आहे, बाई,” तो म्हणाला. “ही चाळीस कार्डं. प्रत्येकावर नंबर आणि काळ्या-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी. चार बाजूंना अ, ब, क, ड. तुम्ही प्रश्न विचारायचा, मुलांनी जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची. तुम्ही टॅबचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय धरलं ते कळतं. शेजारच्याला मात्र कळत नाही.”

“म्हणजे नक्कल बंद?”

“नक्कल बंद.”

मला हे फारच आवडलं. लगेच चंद्राच्या कलांचा धडा घेतला, कारण तो माझा हुकमी धडा. त्यातली आकृती मी अशी काढते की पुसायला जीव होत नाही: इकडे सूर्य, मधे पृथ्वी, तिकडे चंद्र, आणि पृथ्वीच्या मागे रेघा मारमारून रंगवलेला काळोख. डस्टर आपटलं. “समजलं का?” “होऽऽ बाई!” मग प्रश्न टाकला: चंद्राची कोर का दिसते? अ, पृथ्वीची सावली पडते. ब, ढग येतात. क, उजेड पडलेल्या अर्ध्या भागातला थोडाच आपल्याला दिसतो. ड, चंद्र झिजतो.

टॅब फिरवला. अडतीस मुलांपैकी तिघांचं बरोबर.

“यंत्र बिघडलंय,” मी म्हणाले.

सर म्हणाला, “तपासून बघा.” मी हातात खडू धरला आणि विचारलं, हे काय आहे? अडतीसच्या अडतीस खडू. म्हणजे यंत्राला काही झालं नव्हतं.

“मग मघाशी ‘हो’ का म्हणालात रे सगळे?” मी ओरडले.

पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची पोरगी उभी राहिली. “बाई, तुम्ही डस्टर आपटलंत ना, म्हणून.”

मी संगणकवाल्याकडे वळले. “निदान तुला तरी येतं ना?”

“पृथ्वीची सावली, बाई. तुम्हीच शिकवलंत,” तो म्हणाला आणि माझ्या आकृतीतल्या त्या सुंदर काळोखाकडे बोट दाखवलं.

घरी जाऊन नवऱ्याला विचारलं. तो मोज्यांच्या जोड्या लावत होता. मान वर न करता म्हणाला, “सावली.” मी म्हटलं, “अहो, सावली पडली तर ग्रहण होईल!” तो म्हणाला, “मग महिनाभर थोडं थोडं ग्रहण.” या माणसाबरोबर मी चोवीस वर्षं काढली आहेत.

पण हसण्यावारी नेता येईना. सव्वीस वर्षं गुणिले दरवर्षीचा एक वर्ग. जवळजवळ हजार माणसं चंद्राकडे बघून चुकीचं समजतायत, आणि सगळ्यांनी मला ‘हो बाई’ म्हटलंय. मला रडू आलं. मोजे बाजूला सारून नवऱ्याने पाण्याचा ग्लास दिला आणि विचारलं, “मग ढग का?”

दुसऱ्या दिवसापासून मी हात धुऊन मागे लागले. आकृती पुसली. पडदे ओढले, मधे टेबलावर दिवा लावला आणि प्रत्येकाच्या हातात पेन्सिलीला खोचलेला पांढरा चेंडू दिला. दिवा म्हणजे सूर्य, तुमचं डोकं म्हणजे पृथ्वी, चेंडू म्हणजे चंद्र. चेंडू डोक्यापेक्षा उंच धरा आणि जागच्या जागी फिरा. करून दाखवायला मी स्वतः सात गिरक्या घेतल्या आणि आठवीला कचऱ्याच्या डब्यात बसले. सर आणि शिपाई मिळून मला उपसत असताना मोठे सर दारातून डोकावले आणि निघून गेले.

रोज शेवटी कार्डं. अकरा झाले, मग एकोणीस, मग सव्वीस. पूर्वी मी वर्गाला एकच प्रश्न विचारायचे. आता टॅब बघून ज्याचं चुकलं त्याच्या बाकाशी जाऊन बसायचे आणि विचारायचे, बाळा, तुला काय दिसलं? एक जण रोज ‘ढग’ धरायचा. का, तर त्याला ढग आवडतात. एकीला सगळं येत होतं, पण ती कार्डच उलटं धरायची. साहेब येण्याच्या आदल्या दिवशी आकडा चौतीसवर गेला. संगणकवाला सर या सगळ्यात मागे उभा राहून वायरी सांभाळायचा. त्याला कुणी काही विचारलं नाही.

सुट्टीत दोन वेण्यांची पोरगी आली. हळूच म्हणाली, “बाई, उद्या आम्ही सगळे क धरू का? तुमची खोली जाणार नाही.”

खोटं कशाला बोलू, क्षणभर तिचा मुका घ्यावासा वाटला. मग जिन्याखालचे झाडू डोळ्यांसमोर आले, आणखीच घ्यावासा वाटला. पण मी म्हणाले, “ज्याला जे वाटतं तेच धरायचं. आणि उद्या उत्तरांचा क्रम मी बदलणार आहे, सांगून ठेवते.”

साहेब आले. जाड फाइल, त्याहून जाड आवाज. कार्डं चाळीस, मुलं अडतीस. उरलेल्या दोनपैकी एकोणचाळीस नंबरचं मोठ्या सरांनी हौसेने मागून घेतलं आणि चाळीस नंबरचं संगणकवाल्याला दिलं. आधी साहेब दहा मिनिटं बोलले. साधनांचा परिणामकारक, फलनिष्पत्तीकेंद्री, बहुआयामी विनियोग वगैरे. शेवटी त्यांनी विचारलं, “समजलं का?”

“होऽऽ साहेब!” वर्ग म्हणाला, आणि सवयीने सगळ्यांनी कार्डं हातात घेतली.

आता गप्प बसायचं की नाही मी? पण तोंडाला लगाम कुठला! “साहेबांनी काय करायला सांगितलं? अ, टॅब वापरा. ब, टॅब जपून ठेवा. क, दोन्ही. ड, यांतलं काही नाही.” टॅब फिरवला. त्यावरचं सगळं प्रोजेक्टरने फळ्याशेजारच्या भिंतीवर मोठं दिसत होतं. अ दहा, ब दहा, क दहा, ड दहा.

“बरोबर कुठलं, साहेब?” मी विचारलं.

साहेबांनी चष्मा लावला, फाइल उघडली, दोन पानं उलटली, फाइल मिटली. “हे यंत्र बिघडलंय,” ते म्हणाले.

“मीसुद्धा अगदी हेच म्हणाले होते!”

मोठ्या सरांनी डोळे मिटून घेतले. साहेब लालबुंद झाले. “आता तुमचा धडा होऊ दे. आणि नव्वद म्हणजे नव्वद! चाळीसही कार्डं मोजायची.”

म्हणजे चाळीसातली छत्तीस बरोबर हवीत. काल चौतीसच आली होती. तरी धडा घेतला. टेबलावरचा दिवा साहेबांच्या हातात दिला आणि म्हणाले, “तुम्ही सूर्य. हलू नका.” सूर्य झाल्यावर ते जरा निवळले. अडतीस मुलं आणि मोठे सर गरगर फिरले. मग मी पडदे उघडले आणि प्रश्न टाकला. या वेळी बरोबर उत्तर होतं ड.

टॅब फिरवला. भिंतीवर उमटलं: एकोणचाळीस उत्तरं आली, बरोबर पस्तीस. मोठ्या सरांनी ‘पृथ्वीची सावली’ धरली होती, आणि वर हसतही होते.

उरलं चाळीस नंबरचं कार्ड. ते छातीशी धरून संगणकवाला सर मागे उभा होता. भिंतीवरचा आकडा त्यालाही दिसत होता. एक चुकीची बाजू वर धरली की खोली त्याची. त्याने एका खिडकीकडे बघितलं, मग दुसऱ्या. नळाकडे बघितलं. एक लांब श्वास घेतला; इथे त्याला तो घेता येत होता.

मग त्याने कार्ड वर केलं. ड.

छत्तीस. वर्गाने छत डोक्यावर घेतलं. साहेब दिवा हातात धरून टाळ्या कशा वाजवाव्यात या विचारात पडले.

सगळे गेल्यावर मी त्याला धरलं. “मूर्खा, चुकीचं धरलं असतंस तर खोली तुझी होती.”

“चुकीचं धरलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, याला अजूनही समजलं नाही,” तो म्हणाला. “दुसऱ्या बाकावर होतो तेव्हाही समजलं नव्हतं, बाई. नुसतं ‘हो’ म्हणायचो.”

मी पाठ फिरवली आणि एक स्वच्छ नळी पुन्हा धुतली. बराच वेळ धुतली.

सोमवारी त्याचे सहा संगणक माझ्या खोलीत आले, दुसऱ्या खिडकीखाली. सकाळी तो, दुपारी मी. मुतारीशेजारच्या खोलीत आता झाडू राहतात. सामान लागल्यावर मी डस्टर टेबलावर आपटलं आणि त्याला बजावलं, “नळाजवळ एकही वायर आणायची नाही. समजलं का?”

“हो बाई!”

“कार्ड दाखव.”