दुरुस्तीच्या रकान्यातली मुलं

“अहो काका, कालपासून एक्केचाळीस भानगडी सांगितल्यात तुम्ही! आता तरी संपल्या ना?”

संगणकवाल्या पोरीने कपाळाला हात लावला. पळवाटराव खुशीत हसले. भानगड हा शब्द त्यांना मुळीच लागला नाही. उलट कुणीतरी आपलं कौतुकच करतंय असं त्यांना वाटलं.

कृत्रिम पाय देणाऱ्या त्या सरकारी केंद्राच्या खिडकीवर ते एकतीस वर्षं बसत होते आणि शुक्रवारी निवृत्त होणार होते. पळवाटराव हे नाव सहकाऱ्यांनी लाडाने ठेवलेलं. कागद कमी असो, सही चुकलेली असो, माणूस अगदी रडकुंडीला आलेला असो, हे आपले चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, “थांबा, बघू काहीतरी.” आणि काहीतरी व्हायचंच. सोमवारपासून खिडकीवर संगणक येणार होता, म्हणून त्यांच्या डोक्यातल्या अशा सगळ्या भानगडी उतरवून घ्यायला ही पोरगी समोर ठाण मांडून बसली होती.

“हे बघा,” तिने कागद पुढे सरकवला. “अर्ज चार ठिकाणी फिरतो. मोजमाप, डॉक्टर, कारखाना, वाटप. चौघांचे संगणक वेगळे, पण आता ते आपापसांत बोलतील. एकाने होकार दिला की अर्ज पुढच्याकडे. नाही दिला, तर बसला तिथंच.”

“आणि माझ्या एक्केचाळीस भानगडी?”

“तेवढे आराखडे काढले तर मला वेड लागेल! आराखडा एकच. त्यात पाच जागा मोकळ्या ठेवल्यात. तिथे एकेक प्रश्न विचारायचा, आणि उत्तर येईल तशी पुढची वाट बदलायची. पाय एक की दोन? पहिला की बदली? माणूस येऊ शकतो की आपण जायचं? पाच प्रश्नांत तुमचं सगळं बसलं की, काका.”

पळवाटरावांचं हसू जरा ओसरलं. एकतीस वर्षं, आणि पाच प्रश्न! त्यांना आधी पोरीचा राग आला, मग स्वतःचाच आला, कारण पोरगी हुशार होती आणि त्यांना मनापासून आवडली होती. त्यांनी आपला डबा उघडला आणि अर्धा तिच्यापुढे सारला.

“आणि दुरुस्तीचं कसं?” त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं.

“ते तर सोपं. जुना पाय जमा करायचा, कारखाना पट्टा नाहीतर स्क्रू बदलून तोच परत देणार. नवा हवा तर तीन वर्षं झालेली हवीत. नसतील तर संगणक नाहीच म्हणणार.”

पळवाटरावांनी हातातला घास परत डब्यात ठेवला.

एक भानगड त्यांनी सांगितलीच नव्हती. मोठ्या माणसाला एक पाय तीन वर्षं पुरतो. पण मुलं काय नियमाला विचारून वाढतात? आठ-दहा महिन्यांत खरा पाय लांब होतो, नकली आखूड पडतो आणि चांगलं पळणारं पोर लंगडायला लागतं. त्यांनी वर दोनदा लिहून पाहिलं होतं; उत्तर म्हणून आलं नाही. तेव्हापासून ते अशा मुलांच्या अर्जावर बेधडक ‘दुरुस्ती’ लिहायचे. कारखान्यातला मिस्त्री अख्खा नवा पाय करून त्यावर जुनाच नंबर ठोकायचा.

गप्प बसावं, तर सोमवारपासून मुलांना तेच आखूड पाय स्क्रू आवळून परत मिळणार. सांगावं, तर इतकी वर्षं कागदावर खोटं लिहिल्याची कबुली, तीही निवृत्तीच्या तोंडावर. संध्याकाळी त्यांनी बायकोपुढे मन मोकळं केलं.

“नाहीच सांगितलंत तर?” तिने विचारलं.

“तर मुलं लंगडतील.”

“मग मला कशाला विचारताय हो?” असं म्हणून तिने मान वळवली आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी पळवाटरावांनी सगळं सांगून टाकलं. पोरीचा हात लिहिता लिहिता थांबला.

“किती मुलं आहेत अशी?”

“सध्या तेवीस.”

“काका, सहावी जागा करणं माझं दहा मिनिटांचं काम. पण नियमाबाहेरची वाट उघडायला साहेबांची सही लागेल. आणि कारण लेखी लागेल. तुम्ही काय करत होता, सगळं.”

“लिहितो. मिस्त्रीला मीच सांगितलं, असंही लिहितो. त्याच्यामागे झेंगट नको.”

साहेबांनी ते दोन पानी निवेदन दोनदा वाचलं. “अहो, काय करून बसलात हे! शुक्रवारी तुमचा निरोप समारंभ ठेवलाय मी!”

“समारंभ राहू द्या, साहेब. सही तेवढी करा.”

साहेबांनी सही केली. पाठोपाठ चौकशीचा कागदही काढला, त्यांना काढावाच लागला. चौकशी लागलेल्या माणसाच्या गौरवाची भाषणं कोण करणार? शुक्रवारी पळवाटराव रिकामा डबा घेऊन एकटेच बाहेर पडले. फाटकापर्यंत पोरगी तेवढी मुसमुसत सोबत आली. “रडतेस काय वेडे, काम चोख केलंस,” असं म्हणून तेच तिची समजूत घालत राहिले.

सोमवारी त्यांना घरात करमेना. केंद्रात जाऊन ते मागच्या बाकावर बसले. खिडकीशी एक बाई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन उभी होती. मुलगी लंगडत होती. खिडकीवरच्या नव्या कारकुनाकडे वाकून बाई नेहमीच्या सवयीने हळू आवाजात म्हणाली, “‘दुरुस्ती’ लिहायचंय.”

कारकुनाने वय विचारलं, उंची विचारली, बटणं दाबली. “दुरुस्ती कशाला? वाढत्या वयाची आहे. नवा पाय मिळेल. मोजमाप तीन नंबरला.”

बाई एकदम मोठ्याने मुलीला म्हणाली, “चल गं, नवा पाय घ्यायचाय!” आणि दोघी तीन नंबरकडे निघाल्या. बाकावर कोण बसलंय हे पाहायचं त्यांना काही कारणच नव्हतं.

दुपारी पळवाटराव घरी आले तेव्हा बायको दारातच उभी होती. “केंद्रात कुणी आठवण काढली का हो तुमची?”

“नाही गं,” ते म्हणाले. चष्मा कपाळावर ढकलून ते हसले. “कुणाला गरजच पडली नाही.”